भुसावळच्या उन्हातील विज्ञानाचा तास

तरुणपणी आम्ही काही वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. सहावीच्या वर्गात एके दिवशी आम्ही सांगितले, की दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते. तो म्हणाला, "फादर, आपल्याकडे तसं होत नाही. बारा वाजता सावली पडते. थंडीत तर चांगली लांब पडते." वर्ग हसला. आम्ही त्याला खाली बसविले आणि पुस्तकात आहे तेच उत्तरपत्रिकेत लिहावयाचे, अशी समज दिली.

त्या मुलाचे म्हणणे शब्दशः खरे होते. भुसावळात घड्याळाच्या बाराला सूर्य माथ्यावर कधीच येत नाही. वर्षातील फक्त दोन दिवशी तो येतो आणि त्या दिवशीही घड्याळात साडेबारा वाजत आलेले असतात. मुलाने पाहिले होते ते आम्ही पाहिले नव्हते. ही गोष्ट आमच्या ध्यानात आली तेव्हा तो शाळा सोडून गेलेला होता.

प्रस्तुत लेख आम्ही मुख्यतः प्राथमिक व माध्यमिक शाळांतील शिक्षक बंधुभगिनींसाठी लिहीत आहोत. पृथ्वीविज्ञान आणि पदार्थविज्ञान शिकविण्यासाठी भुसावळ परिसरात जे आयते पडलेले आहे, त्याचा वर्गात उपयोग कसा करता येईल, हे येथे सांगावयाचे आहे. साहित्य म्हणावे तर काठी, दोरा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, काडेपेटी, स्वेटर विणण्याची सुई आणि दोन मेणबत्त्या. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशीही करावी लागू नये.

आपल्याच जिल्ह्यातील एक प्रयोग

अशा शिक्षणाचा विचार आपल्या भागाला नवा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. प्रा. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. केंद्राने ग्रामीण शाळांत जे काम प्रथम हाती घेतले, त्यासाठी आपला जळगाव जिल्हा निवडला. तापीच्या पलीकडे, रावेर तालुक्यातील खिरोदा हे गाव धनाजी नाना चौधरी यांच्या काळापासून शिक्षणकार्यासाठी ओळखले जाते. त्या परिसरातील शाळांत सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रकल्प चालला. महागडी उपकरणे नसलेल्या खेड्यातील शाळेत विज्ञान चांगले शिकविता येईल काय, हा त्यामागचा प्रश्न होता.

त्याच सुमारास या केंद्राने भाषेच्या अडथळ्याचाही अभ्यास केला. कुलकर्णी व त्यांचे सहकारी गंभीर यांचा त्यावरील निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल विज्ञानात मागे पडते तेव्हा पुष्कळदा ते विज्ञानाला अडखळलेले नसून पुस्तकाच्या भाषेला अडखळलेले असते, आणि भाषा सोपी केली की समज वाढते, असे त्यांना दिसून आले. आमच्या मते आजच्या शिक्षकालाही याचा सर्वाधिक उपयोग आहे. 'प्रसरण', 'पारगम्यता', 'सापेक्ष आर्द्रता' हे शब्द फळ्यावर लिहून तासाचा आरंभ केला, तर अहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरी बोलणाऱ्या घरातील मूल पहिल्या पाच मिनिटांतच गप्प होते. आधी डोळ्यांसमोर काही घडू द्यावे, मुलांना आपल्या बोलीत त्याचे वर्णन करू द्यावे, आणि मग पुस्तकातील शब्द द्यावा. तेव्हा तो शब्द त्यांना हवासा वाटतो.

भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या टोकापलीकडे होशंगाबाद लागते. आता त्याचे नाव नर्मदापुरम आहे. तेथे १९७२ मध्ये १६ शाळांत 'किशोर भारती' व 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो वाढविला आणि २००२ मध्ये तो सरकारी निर्णयाने बंद झाला. तेथील परीक्षेत मुलांना पुस्तक व वही सोबत नेण्याची मुभा असे, कारण स्मरणशक्ती तपासणे हा त्या परीक्षेचा हेतूच नव्हता.

काठीची सावली

आता प्रत्यक्ष वर्गाकडे, म्हणजे वर्गाबाहेर, जाऊ या. पटांगणात उन्हाची सपाट जागा निवडावी व एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करावी. ती सरळ आहे की नाही, हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने पाहावे. सकाळी दहाच्या सुमारास सावलीचे टोक जेथे असेल तेथे खूण करावी आणि काठी मध्यबिंदू धरून त्या खुणेतून जमिनीवर वर्तुळ काढावे. सावली हळूहळू आखडत वर्तुळाच्या आत जाते, मग पुन्हा वाढू लागते आणि दुपारनंतर तिचे टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकते. तेथे दुसरी खूण करावी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. तिला काठीपासून काढलेला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. आपल्या देशातील प्राचीन ज्योतिर्विद याच रीतीने दिशा ठरवीत. होकायंत्राची गरज पडत नाही.

ही उत्तर-दक्षिण रेषा चुन्याने पक्की करून ठेवावी. सावली ज्या क्षणी या रेषेवर येईल तो आपल्या गावचा खरा मध्यान्ह. मुलांना आधी विचारावे, की त्या वेळी घड्याळात किती वाजले असतील? बहुतेक मुले बारा म्हणतील. प्रत्यक्षात भुसावळात हा क्षण वर्षभरात साधारण १२ वाजून ११ मिनिटे ते १२ वाजून ४१ मिनिटे या दरम्यान कोठेतरी येतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो सर्वांत लवकर येतो, फेब्रुवारीच्या मध्यास सर्वांत उशिरा.

याचे कारण सांगण्याची भुसावळइतकी चांगली जागा दुसरी नसेल. भारतीय प्रमाणवेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूची वेळ आहे. भुसावळ सुमारे ७५.८ अंशांवर आहे. फरक ६.७ अंशांचा आणि पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी २७ मिनिटे मागे असतो. उरलेला कमी-अधिक फरक पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे व लंबगोल कक्षेमुळे पडतो. तो वरच्या वर्गांसाठी राखून ठेवावा. रेल्वेच्या वसाहतीत वाढणाऱ्या मुलांना हेही सांगावे, की १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि ती वेळ भुसावळच्या सूर्याच्या सुमारे १८ मिनिटे पुढे होती. प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले असते तर वेळापत्रक कसे छापले असते, यावर मुलांना वाद घालू द्यावा. तो तास वाया जात नाही.

सावलीची लांबी हा याहूनही रसाळ विषय आहे. भुसावळचे अक्षांश सुमारे २१.०५ उत्तर. त्यामुळे २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास खऱ्या मध्यान्ही एक मीटर काठीची सावली सुमारे ३८ सेंटिमीटर पडते. २२ डिसेंबरला ती सुमारे ९८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच असते. २१ जूनला ढगांनी कृपा केली तर ती अवघी ४ सेंटिमीटर दिसेल, आणि ती उत्तरेला न पडता दक्षिणेला पडेल! भुसावळ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो. हे अनेक शिक्षकांनाही नवे वाटते. आमच्यापुरते तर आम्ही कबूल करूनच टाकले आहे.

ज्या दिवशी सावली पूर्ण नाहीशी होते तो 'शून्य सावली दिवस' भुसावळात २५ मे व १८ जुलैच्या आसपास येतो. पंचाईत अशी, की पहिला दिवस उन्हाळ्याच्या सुटीत जातो आणि दुसरा पावसाळी ढगांत. म्हणून शाळेने केवळ त्या दिवसाच्या भरवशावर राहू नये. मे महिन्यात मुलांना घरच्या अंगणात तांब्या किंवा डबा उलटा ठेवून त्याची सावली पाहण्यास सांगावे. त्यासाठी सावलीत बसूनही पाहता येते. भर दुपारच्या उन्हात त्यांना ताटकळत उभे करू नये.

या विषयाचा एक थोर जाणकार आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. (हे चांगदेव निराळे आणि तापी-पूर्णा संगमावर ज्यांचे मंदिर आहे ते योगी चांगदेव निराळे. मुले हा प्रश्न हमखास विचारतात.) भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते, याचे उत्तर त्यांनी दिले आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि पृथ्वीच्या मानाने आपल्याला दिसणारा भाग अतिशय लहान असतो, असे ते उत्तर आहे. फळ्यावर मोठे वर्तुळ काढून त्याच्या लहानशा तुकड्याखेरीज बाकीचा भाग कागदाने झाकला, की पाचवीतील मुलालाही हे पटते. त्यांच्या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात गौरव आहे तो 'धीयंत्रा'चा, म्हणजे साध्या काठीचा व ती वापरणाऱ्या बुद्धीचा. जुन्या भारतीय ज्योतिषाने उज्जैनमधून जाणारी जी मध्यरेषा मानली, तिच्यावरच जवळजवळ आपले भुसावळ आहे. उज्जैन आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे.

आमच्या वाचकांना आणखी एक उदाहरण आवडेल. इटलीतील बोलोन्या शहराच्या सॅन पेट्रोनिओ चर्चमध्ये ज्योतिर्विद कॅसिनी यांनी १६५५ मध्ये छताला छिद्र ठेवून जमिनीवर अशीच मध्यान्हरेषा आखली. ईस्टरची तारीख वसंतसंपातावर अवलंबून असल्यामुळे सूर्याची गती अचूक मोजणे धर्मसभेला आवश्यक होते. चर्चची इमारतच वेधशाळा झाली. आपल्या शाळांतही एखाद्या खोलीच्या पत्र्याला छिद्र असतेच. त्यातून पडणारा कवडसा दर आठवड्याला ठराविक वेळी खडूने खुणावून ठेवला तरी वर्षभरात चांगली आकृती तयार होते.

तापलेला रूळ

भुसावळ म्हणजे रेल्वे आणि भुसावळ म्हणजे ऊन. या दोहोंची गाठ रुळात पडते. उष्णतेने पदार्थ वाढतात, हे वाक्य सर्वांना पाठ असते. पण मुलाला ही वाढ कधी दिसलेली नसते, कारण ती फार थोडी असते. ती दिसावी म्हणून पुढील युक्ती करावी. सारख्या उंचीच्या दोन काचेच्या बाटल्यांवर स्वेटर विणण्याची लांब सुई आडवी ठेवावी. तिचे एक टोक जड वस्तूने दाबून धरावे. दुसऱ्या टोकाखाली, बाटलीच्या बुडावर किंवा बुचावर, शिवणकामाची बारीक सुई आडवी ठेवावी व तिच्या नेढ्यात झाडूची हलकी काडी अडकवावी. आता मोठ्या सुईखाली दोन मेणबत्त्या लावाव्यात. मोठी सुई वाढताना बारीक सुईला लाटण्याप्रमाणे लोटते आणि काडी फिरताना स्पष्ट दिसते. मेणबत्ती विझविली, की काडी हळूहळू परत येते. विणण्याची सुई पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची असली तर काडी जवळजवळ दुप्पट फिरते. वर्गात दोन्ही असल्यास कोणती अधिक फिरेल, याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा.

मग हिशेब करावा. एक मीटर पोलाद एक अंशाने तापले तर सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. रूळ १३ मीटर लांब. हिवाळ्यातील पहाटे त्याचे तापमान १० अंश आणि मेच्या दुपारी ६० अंश धरू. रूळ हवेपेक्षा बराच अधिक तापतो. तेव्हा वाढ सुमारे ८ मिलिमीटर होते. पूर्वी दोन रुळांमध्ये फट ठेवीत ती यासाठी, आणि गाडीचा तो ठेका त्या फटींतून येत असे.

येथे चाणाक्ष मूल विचारील, की आता तो आवाज का येत नाही? मुख्य मार्गांवर आज रूळ वेल्डिंगने जोडून कित्येक किलोमीटर अखंड केलेले असतात. मग ती वाढ जाते कोठे? उत्तर असे, की ती होऊच दिली जात नाही. स्लीपर, त्यांचे खटके आणि खडी मिळून रुळाला घट्ट धरून ठेवतात आणि वाढण्याऐवजी रूळ आतून दाबला जातो. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ बसविताना होता त्यापेक्षा ३० अंश अधिक तापला, तर त्यातील दाब सुमारे ५५ टन वजनाइतका होतो. खडी सैल असेल तर हा दाब रुळाला बाजूला वाकवितो. म्हणूनच उन्हाळ्यात भर दुपारी ट्रॅकमन गस्त घालतात. प्लॅस्टिकची लांब पट्टी दोन्ही टोकांनी दाबली, की ती मध्येच बाजूला फुगते. वर्गात एवढे दाखविणे पुरे.

हा पाठ शिकविताना मुलांना लोहमार्गाजवळ कदापि नेऊ नये. पादचारी पुलावरून दिसते तेवढे पुष्कळ आहे. त्याऐवजी मार्गावर काम करणाऱ्या किंवा निवृत्त झालेल्या एखाद्या पालकाला वर्गात बोलवावे. रूळ कसा तपासतात, हातोडीच्या आवाजावरून काय कळते, कोणत्या महिन्यात अधिक काळजी घ्यावी लागते, हे त्यांनी सांगावे. आपल्या वडिलांचे काम हे पदार्थविज्ञानाचे काम आहे, हे मुलाने सर्व वर्गासमोर ऐकणे आम्हाला फार मोलाचे वाटते. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना आम्ही कधी बोलाविले नाही.

काडेपेटीतील शेत

आता मातीकडे वळू. आपल्या परिसराचा पाया अग्निजन्य खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरला, त्याचा हा बेसाल्ट. त्याची झीज होऊन आपली काळी माती झाली. धुळे-नंदुरबारकडे प्रवास करताना माळावरून मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या भिंतीसारख्या टेकड्या दिसतात. जमिनीतील उभ्या भेगांत लाव्हा थिजून त्या झाल्या आहेत. सहल त्या बाजूने निघाली तर गाडी थांबवून दाखवाव्यात. तापीच्या वाळूत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक फिरविला, की काळे कण चिकटून येतात. तो बेसाल्टमधून सुटलेला मॅग्नेटाइट आहे. पिशवी उलटी केली की कण अलगद सुटतात. या प्रयोगाला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि तो पहिलीपासून दहावीपर्यंत सर्वांना आवडतो.

काळ्या मातीचा खरा गुण तिच्या फुगण्या-आखडण्यात आहे. काडेपेटीच्या आतल्या ड्रॉवरला प्लॅस्टिकचा कागद लावून त्यात काळ्या मातीचा घट्ट चिखल काठोकाठ दाबून भरावा. दुसऱ्या काडेपेटीत निम्मी वाळू मिसळलेला चिखल भरावा. तीन-चार दिवस उन्हात ठेवावे. काळ्या मातीची वडी आखडून कडांपासून सुटते, कधी मध्ये तडकते. वाळूमिश्रित वडी तितकी आखडत नाही. फट पट्टीने मोजावी. या मातीतील अतिसूक्ष्म चिकणकण आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेतात व फुगतात, पाणी गेले की आखडतात. मेमध्ये शेतात पाय जाईल एवढ्या भेगा का पडतात, काळ्या मातीवरील घरांच्या भिंतींना तडे का जातात, ही उत्तरे या एका वडीत आहेत.

दुसरा प्रयोग पाण्याचा. तीन बाटल्यांचे बूड कापून त्या उलट्या धराव्यात आणि तोंडाला फडके बांधावे. एकीत बारीक केलेली काळी माती, दुसरीत नदीची वाळू, तिसरीत सातपुड्यातून येणाऱ्या नाल्यातील गोटे व भरड सारख्या उंचीपर्यंत भरावी. प्रत्येकीत पाव लिटर पाणी ओतण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कोठून पाणी आधी येईल? कोठून अधिक येईल? कोठे अडकून राहील? वाळू व भरड यांतून पाणी लगेच खाली येते. काळी माती ते पिते, फुगते आणि मग वरचे पाणी तसेच साचून राहते. नंतर वाळून तडकलेल्या काळ्या मातीवर तेवढेच पाणी ओतावे. ते प्रथम भेगांतून भराभर खाली जाते. पहिला पाऊस जमीन पिऊन टाकते आणि नंतरचा वाहून जातो, हे शेतकऱ्याच्या घरातील मुले त्याच वेळी सांगू लागतात.

हा केवळ बाटल्यांचा खेळ समजू नये. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून आलेल्या गोटे-वाळूचा पट्टा आहे. त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. तेथे गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. पाणी जिरावयाचे ते मुख्यतः येथेच, आणि केळीसाठी उपसा होतो तोही याच भागात. विहिरी कोरड्या पडल्या, कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार केला, तेव्हा वर्तमानपत्रांत 'पुनर्भरण' हा शब्द पुष्कळ दिवस येत होता. ज्या मुलाने भरड भरलेल्या बाटलीतून पाणी खाली जाताना पाहिले आहे, त्याला या योजनेसाठी पायथ्याचा पट्टाच का निवडला, हे सांगावे लागत नाही. काळ्या मातीच्या सपाटीवर चर खणले तर काय होईल, हेही ते सांगू शकते. या मुलांपैकी अनेकांना पुढे याच जमिनीवर शेती करावयाची आहे.

उन्हाळ्याचा आणखी एक छोटा प्रयोग. दोन तापमापक शेजारी टांगावेत व एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळावे. एप्रिलच्या कोरड्या दुपारी दोहोंत १५ अंशांहूनही अधिक फरक दिसू शकतो. जुलैत तो दोन-तीन अंशांवर येतो. कूलर एप्रिलमध्ये गारवा देतो आणि पावसाळ्यात नुसता चिकचिकाट का करतो, हे भुसावळच्या मुलाने स्वतः शोधून काढावे.

चुकलेली उत्तरे

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. वर्गात साठ मुले, तास पस्तीस मिनिटांचा, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई. सर्व धड्यांना प्रयोग शक्य नाहीत, आणि प्रत्येक प्रयोग सर्व मुलांनी केला पाहिजे असेही नाही. सहा-सहांचे गट करावेत. एका सत्रात असे तीन प्रयोग मनापासून झाले तरी आम्ही समाधान मानू. फक्त एक पथ्य पाळावे. प्रयोगापूर्वीचा अंदाज शाईने लिहावा व नंतर तो खोडू नये.

शिक्षकांना खरी भीती वाटते ती प्रयोग चुकण्याची. आकडा पुस्तकाप्रमाणे आला नाही, तर मुले काय म्हणतील? याचे उदाहरण पुन्हा सावलीचेच देतो. सोलापूर आपल्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे ३७५ किलोमीटर अंतरावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, नाताळच्या सुटीपूर्वी, आकाश सहसा निरभ्र असते. एखाद्या दिवशी दोन्ही गावच्या शाळांनी आपापल्या खऱ्या मध्यान्ही एक मीटर काठीची सावली मोजावी आणि फोनवरून एकमेकींना कळवावी. भुसावळात सुमारे ९८ सेंटिमीटर येईल, सोलापुरात सुमारे ८७. आलेख कागदावर दोन्ही काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून काठीच्या टोकाजवळचा कोन कोनमापकाने मोजावा. एक साधारण ४४.५ अंश, दुसरा ४१.१. फरक ३.४ अंशांचा. ३.४ अंशांना ३७५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिकाने सुमारे ३९,७०० किलोमीटर येतात. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. दोन गावांच्या अक्षांशांतील फरकावरून पृथ्वीचा परीघ काढण्याची ही रीत भास्कराचार्यांनीही सांगितली आहे.

मुलांचे उत्तर इतके नेटके येणार नाही. सावली मोजताना एका शाळेकडून एक सेंटिमीटरची चूक झाली, तरी परिघात सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा फरक पडतो. सावलीची कड अंधूक असते, काठी किंचित कललेली असते, जमीन उतरती असते. एखाद्या गटाला ३५,००० मिळतील, दुसऱ्याला ४६,०००. शिक्षकाने येथे पुस्तकातील आकडा फळ्यावर लिहून वही दुरुस्त करून घेऊ नये. कोणत्या गटाची काठी सरळ होती, कोणी ओळंबा वापरला, कोणी मध्यान्हाऐवजी घड्याळाच्या बारालाच सावली मोजली, याची चौकशी मुलांनाच करू द्यावी. सर्व गटांची सरासरी काढावी. मग हवे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. तीन-चार दिवसांत सूर्याची जागा या वेळी फारशी बदलत नाही.

२२ डिसेंबरच्या सुमारास भुसावळात सावली उत्तर-दक्षिण रेषेवर येते ती १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास. मुलांनी पटांगणात बाराच्या आधीच जमावे, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवावा आणि एकपर्यंत थांबावे. बारा वाजताचा खडा कोठे पडला होता, त्याचीही वहीत नोंद करावी.